आनंदरावचं कडक पेडल

आनंदराव मेश्रामनं सारी उमर ट्रक चालवला अन् सारी उमर फेकली. त्यातलं जास्त काय केलं, हे वाडीत अजून कोणाले ठरवता आलं नाई. त्याच्या म्हणण्यानं एकदा थंडीच्या दिवसात वाघ त्याच्या ट्रकच्या बोनेटवर येऊन बसला. इंजिन गरम, वाघाले ऊब भेटली, तं तो पार बैतूलपर्यंत उतरलाच नाई. नाक्यावरच्या शिपायानं कडक सलाम ठोकला. पण तो वाघाले ठोकला का आनंदरावले, हे त्या शिपायालेही माहीत नव्हतं. अन् भिवापूरची मिरची भरली तवा तं ट्रकच शिंकाले लागला म्हणे! एकेका शिंकेत गाडी एवढी पुढं जाय, का उमरेडपर्यंत ॲक्सिलेटरले पाय लावाचं कामच पडलं नाई.

लोक पोट धरून हसत. त्याची बायको प्रेमिला हसे नाई. तिले गोष्टीच्या मागचं माहीत होतं. ज्या खेपेले वाघ बोनेटवर बसला, त्या खेपेले आनंदरावचा ट्रक घाटात पलटला होता अन् त्याच्या बाजूले बसलेला क्लीनर जाग्यावर मेला होता. तीन दिवस आनंदरावचा पत्ता नव्हता. प्रेमिलानं ते तीन दिवस दाराच्या चौकटीत बसून काढले. तो आला, भिंतीकडे तोंड करून झोपला, अन् उठला तवा पहिल्यांदा वाघ आला, गोष्टीत.

असे किती वाघ तिनं पचवले असतीन. म्हणून जवा ट्रक सुटला, तवा तिनं बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली अन् मनात म्हटलं, आता माणूस घरी राहीन. माणूस घरी राह्यला खरा, पण महिन्यातच एक जुनी पांढरी डिझेल गाडी दारात आणून उभी केली.

"हे काय आणलं?" तिनं विचारलं.

"तुह्यासाठी आणली वं. सारी उमर दुसऱ्याचा माल वाह्यला. आता आपला माल वाहतो," तो म्हणे, अन् डोळा मारे.

मालाले राग आला. पण मालानं कन्हानले लेकीकडे जातानी खिडकीतून हवा खाल्ली, हेही खरं.

मंग आनंदरावले शुगर निघाली. डॉक्टरनं डोळे मिटाले लावले अन् पायाच्या बोटाले सुई टोचली.

"समजलं का?"

"काय?" आनंदराव म्हणे.

डॉक्टरनं प्रेमिलाकडे पाह्यलं. पायात जीव कमी होत चालला हाय, पायाले कधी शेक देऊ नका, जखम झाली तं समजणार नाई, असं सांगितलं. बाहेर आल्यावर आनंदराव हसला, "सुई बोथी होती वं, सरकारी होती." प्रेमिलाच्या डोक्यात ते सुई तशीच रुतून राह्यली. ज्या पायाले सुई समजत नाई, तो पाय ब्रेकवर हाय!

एका दुपारी दोघं भाजी घेऊन येत होते. ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मंधातून रस्ता, दोन्हीकडे ट्रक उभे. शाळेतली एक पोट्टी ट्रकच्या आडून निघाली, तिचा डबा पडला, अन् ते भर रस्त्यात वाकून उचलाले लागली. लाल रिबिनी, मोठे फूल बांधलेल्या. आनंदरावनं पाय देला. गाडी थांबेच ना.

"पेडल जाऊन नाई राह्यलं!" तो ओरडला. त्यानं गिअर खाली आणला, हँडब्रेक खेचला अन् स्टेअरिंग मारून गाडी गोदामापुढच्या रिकाम्या बारदानाच्या ढिगात घातली. पोट्टीनं मागं वळूनही पाह्यलं नाई. डबा उचलला, अन् गेली.

पानठेल्यावर ह्याची गोष्ट झालीच. पोट्टी अन् गाडीच्या मंधात एक चिंचोका मावला असता, तोही उभा नाई, आडवा. पण गाडीत, त्या बारदानात बसल्या बसल्या, आनंदराव हळू आवाजात बोलला होता, "प्रेमे, पेडल दगड झालं वं. सारं वजन देलं म्या." त्यात काही फेकाफेक नव्हती. प्रेमिलानं आइकलं, पण तिच्या डोळ्यांपुढं रिबिनी होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी हळूहळू, पहिल्या गिअरात, सुशीलच्या गॅरेजले घेऊन गेले. सुशील त्यांच्या गल्लीतलाच, लहानपणापासून आनंदरावच्या गोष्टी आइकून मोठा झालेला.

"काय काकाजी, आज कोण बसलं बोनेटवर?"

"बसलं कोणी नाई गा. पेडल कडक झालं. भिंतीले लात मारल्यावानी वाटते."

सुशीलनं ब्रेकचं तेल पाह्यलं, बरोबर होतं. चाकांपाशी वाकून ओल पाह्यली, चारही चाकं कोरडे. "टाइम लागन काकाजी. तुम्ही खर्रा खाऊन या."

आनंदराव सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटाले पानठेल्याकडे गेला. तिथं दोन परके ड्रायव्हर उभे होते, म्हणजे तो आता लवकर येत नव्हता.

"काकू, तुम्ही बसा बरं ड्रायव्हरच्या जाग्यावर," सुशील म्हणे.

"मी? बापा, मले तं सायकलही येत नाई!"

"चालवाची थोडी हाय? पाय द्याचा हाय फक्त."

प्रेमिला साडी आवरून बसली. सुशीलनं सांगितलं तसं बंद गाडीत तिनं पेडल दाबलं, सोडलं, परत दाबलं. दाबता दाबता ते कडक झालं.

"आता दाबूनच ठेवा, सोडू नका." त्यानं खिडकीतून हात घालून चाबी फिरवली. इंजिन धडधडलं. "पायाखाली पेडल खाली गेलं का?"

"नाई गा. हाय तिथंच हाय."

"जाले पाहिजे होतं." त्यानं बोनेट उघडलं. "हा काळा डबा दिसते नं, हा बूस्टर. इंजिनवरचा पंप ह्याच्यातली हवा ओढून घेते, त्याच्या जोरावर पेडल हलकं होते. हवाच ओढल्या नाई गेली तं माणसाले आपल्या पायाच्या जोरावर गाडी थांबवा लागते." तो एका रबरी पाईपाखाली बोट फिरवत होता. "या इकडे. आइका."

प्रेमिला वाकली. इंजिनच्या आवाजात एक बारीक आवाज होता, कोणी दातांतून हवा ओढावी तसा. पाईप खालच्या अंगानं पत्र्याले घासून चिरला होता. वरून पाह्यलं तं नवाकोरा.

सुशीलनं सायकलच्या ट्यूबची पट्टी त्यावर घट्ट गुंडाळली, इंजिन बंद केलं अन् तिले परत बसवलं. तिनं परत पेडल कडक होईपर्यंत दाबलं, धरून ठेवलं. चाबी फिरली. अन् ह्या वक्ती पेडल तिच्या पायाखाली आपोआप खाली गेलं, तलावाच्या काठच्या गाळात पाय जावा तसं, नरम.

"बस!" सुशील हसला. "हातभर पाईपाचं काम. काकाजी बरोबर बोलत होते."

काकाजी बरोबर बोलत होते, हे प्रेमिलानं साऱ्या संसारात पहिल्यांदा आइकलं असन. तिनं हसाले पाहिजे होतं. पण ते स्टेअरिंग धरून तशीच बसून राह्यली. पाईप बदलन, गाडी चांगली होईन, उद्या हा माणूस परत रस्त्यावर. पाईप बदलता येते. पायाले सुई समजत नाई, त्याचं काय बदलाचं? अन् प्रेमिला परत चौकटीत बसन, कान रस्त्याकडे लावून.

"सुशील, हे बांधलेलं सोड."

"सोडतोच नं काकू, नवीन टाकतो."

"नवीन नको टाकू. सोड, अन् त्याले सांग पेडल चांगलं हाय. पाय गेला म्हण."

सुशीलचा हात थांबला. "काय बोलून राह्यल्या काकू? असं म्या कधी केलं नाई."

"पाईप बदलला तं पेडल हलकं लागन. मंग तो कशाले आइकन कोणाचं? गाडी उभीच राहीन घरी. चाबी माह्यापाशी."

"नाई काकू. नाई जमत मले."

"तुही पोट्टी कोणत्या रस्त्यानं शाळेत जाते?"

सुशील कापडानं हात पुसत राह्यला. हात केव्हाचे साफ झाले होते. मंग त्यानं खाली वाकून पट्टी सोडली. "गाडी रस्त्यावर नाई गेली पाहिजे," एवढंच बोलला.

आनंदराव गालात खर्रा धरून आला. "काय निघालं गा?"

"काही नाई काकाजी. सारं बरोबर हाय." सुशील गाडीत बसला, पेडल दाबून धरलं, गाडी सुरू केली अन् मांडीचा सारा जोर लावून पेडल खाली रेटलं. "हे पाहा. गाडी लागली का पेडल आपोआप खाली जाते. बसलं."

"सर बरं बाजूले."

आनंदराव बसला. दाबून धरलं, चाबी फिरवली. "मले तं नाई समजलं."

"गेलं काकाजी."

"गेलं?"

"हो. पाहून राह्यलो नं मी." तो पायपुसणीकडे पाहून राह्यला होता.

आनंदरावनं गाडी बंद केली अन् परत तेच केलं. परत एकदा. खर्रा चावाचा थांबला. मंग त्यानं खिडकीतून वर पाह्यलं. "प्रेमे, तू पाह्यलं?"

"पाह्यलं. गेलं."

त्यानं आपल्या उजव्या पायाकडे पाह्यलं. कोणी ओळखीचा माणूस परक्यासारखा वागावा, तसं पाह्यलं. मंग चाबी काढून तिच्या हातात देली. गाडी सुशीलनं पहिल्या गिअरात, पायी चालाच्या गतीनं घरी आणली अन् टिनाखाली उभी केली. आनंदराव मागून चालत आला. वाटेत ठेला होता, पण तो थांबला नाई.

पहिले काही दिवस प्रेमिला मजेत झोपली. नवरा घरी, चाबी तिच्या बटव्यात, बटवा कमरेले. तिले वाटलं होतं तो चिडन, भांडन, साऱ्या वाडीले सांगत फिरन. तो काहीच बोलला नाई. शेजारची प्रयागबाई ओट्यावर येऊन बसली तवाही नाई. "काय भाऊ, आज गोष्ट नाई?" तिनं विचारलं, तं म्हणे, "गोष्ट सांगणाराचा पाय मेला वं बाई."

"मेला नसन, झोपला असन. उठवा त्याले," प्रयागबाई सहज बोलली, अन् आनंदरावनं ते धरून ठेवलं.

"ड्रायव्हरचा पाय हाय. सारी उमर जागला, म्हणून झोपला. उठवतो साल्याले," तो दुसऱ्या दिवशी म्हणे, अन् त्याच्या आवाजात परत जीव आला. प्रेमिलाले बरंच वाटलं. त्यानं तिळाचं तेल चोळलं. गिट्टीवर उघड्या पायानं चालला. अन् रोज सकाळी चाबी मांगाले लागला.

"चाबी कशाले?"

"गाडी हलवत नाई वं. पाय मोजतो."

टिनाखाली गाडी जागच्या जागी. तो बसे, दाबून धरे, चाबी फिरवे, अन् डोळे मिटून वाट पाहे. जवा पेडल खाली गेल्याचं समजन, तवा पाय उठला! सीधा हिशोब होता त्याचा. अन् पेडल काही जायचं नाई, कारण पाईप चिरलेला होता. प्रेमिला दारात उभी राहून पाहे. साऱ्या वाडीत दोघांनाच माहीत होतं, का हा माणूस फुटक्या मापानं आपला पाय मोजून राह्यला. त्यातली एक ते होती.

"आज थोडंसं हाललं वाटते," तो एखाद दिवशी म्हणे.

हाललं नव्हतं. प्रेमिला म्हणे, "असन."

थंडी वाढली तसा त्यानं शेक धरला. आधी गरम पाण्यात मीठ. मंग प्रयागबाईनं वीट सांगितली. तिच्या नवऱ्याची कंबर विटेनंच उठली होती. वीट चुलीत तापवाची, फडक्यात गुंडाळाची, अन् त्याच्यावर पाय.

"डॉक्टरनं शेक नको म्हटलं होतं," प्रेमिला बोलली.

"डॉक्टरले सुई टोचता येते. पाय उठवता येत नाई." मंग तिच्याकडे पाहून, "तुले नाई वाटत का वं, परत कन्हानले जावं? लेकीकडे? खिडकीतून हवा खात?"

तिच्या तोंडाशी आलं होतं. दातांपर्यंत आलं होतं. तिनं चुलीत फुकणी घातली.

ते एक दिवस सुशीलकडे गेली. तो दुसऱ्याच गाडीखाली झोपला होता. तिच्या चपला पाहून बाहेर आला.

"काकू, आज येऊन बदलून टाकतो तो पाईप. मले जेवण नाई जाऊन राह्यलं."

"बदलला तं त्याले वाटन पाय उठला. लगेच रस्त्यावर निघन."

"मंग खरं सांगून टाका."

"सांगीन. थोडा दम धर. थकन तो आपोआप, सोडून देईन."

"काकाजी थकणारा माणूस नाई काकू."

"चाळीस वर्ष माह्यासोबत राह्यला का तुह्यासोबत?" ते तडकली, अन् निघून आली. येतानी तिनं ठरवलं, संक्रांत होऊ दे, मंग सांगून टाकू. तीळगूळ देतानी सांगितलं तं माणूस जास्त रागवत नाई.

संक्रांतीच्या आधीच तिनं गाडी पुसाले काढली. दार उघडलं तं आत माशा. एवढ्या थंडीत माशा कुठून, म्हणून ते वाकली. पेडलच्या रबरावर काही तरी लागलं होतं, चिकट, पिवळसर. तिनं फडकं लावलं, अन् त्याचा वास आला. ते फडकं तिथंच टाकून घरात पळाली.

आनंदराव खाटेवर बसला होता. पायात लोकरीचा मोजा.

"काढा बरं तो मोजा."

"थंडी हाय वं."

"काढा!"

मोजा निघेना. तळव्याले चिकटला होता. तिनं कोमट पाणी सोडून सोडून काढला, तं त्याच्यासोबत तळव्याची कातडी आली. आतलं लाल नव्हतं. काही ठिकाणी भुरकं होतं, अंगठ्यापाशी काळं.

"दुखत नाई?" तिनं विचारलं.

"नाई. दुखत नाई म्हणून तं शेकून राह्यलो," आनंदराव म्हणे. तोही आता आपला तळवा पाहून राह्यला होता, मान वाकडी करून. "दोन-चार दिवसांपासून चालतानी ओलं लागे. मले वाटलं, घाम आला. पाय उठून राह्यला."

मोठ्या दवाखान्यात त्यांनी आधी अंगठा काढला. काळं वर चढत गेलं. मंग गुडघ्याच्या खाली पाय कापला. कन्हानहून लेक माया आली. कागदावर सही तिनंच केली.

शुद्धीवर आल्यावर आनंदराव दिवसभर वरच्या पंख्याकडे पाहत राह्यला. दुसऱ्या दिवशी बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाय कसा गेला बापा?"

"गेला नाई. ट्रान्सपोर्टनं पुढं पाठवला," आनंदराव बोलला. "बाकीचा माल मागून येऊन राह्यला."

म्हातारा एवढा हसला, का त्याच्या सलाईनची नळी सुटली. नर्स रागावली. सारा वार्ड हसाले लागला, अन् प्रेमिला उठून बाहेरच्या नळाखाली डोकं धरून उभी राह्यली.

तिले सांगाचंच होतं. रोज ठरवे. आज डबा खाऊन झाल्यावर. आज माया घरी गेल्यावर. एकदा तिनं त्याचा हात धरला, तोंड उघडलं, अन् तोच आधी बोलला.

"बरं झालं वं, तू अन् सुशीलनं टाइमवर सांगितलं. म्या तं पेडलवर खापर फोडून मोकळा झालो होतो. तशीच चालवत राह्यलो असतो, तं कोणाच्या तरी पोट्टीले…" तो थांबला. "पाय गेला तं गेला. एक क्लीनर हाय माह्या नावावर. दुसरं नको."

त्या क्लीनरचं नाव त्यानं ह्याच्याआधी तिच्यापुढंही कधी काढलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं.

सुट्टी देतानी डॉक्टरनं माया अन् प्रेमिलाले बाजूले नाई घेतलं, त्याच्यापुढंच सांगितलं, "डावा पाय सांभाळा. हा पण तेवढाच बधिर आहे, उजवा होता तेवढाच. रोज तळवा बघायचा."

"पाहतो नं साहेब," आनंदराव म्हणे. "आता एकच तं पाहाचा हाय."

घरी आल्यावर उन्हाळा लागला. गाडी टिनाखाली धूळ खात होती. माया म्हणे, "आई, अशीच सडवण्यापेक्षा आम्ही नेतो. बाबाले दवाखान्यात नेण्या-आणण्याच्याही कामी येईन." आनंदरावनं मान हालवली, न्या म्हणे. प्रेमिलाचा जीव उडाला. जावई हे गाडी रस्त्यावर नेईन, अन् पेडल तं तसंच हाय! ते त्याच दिवशी सुशीलकडे गेली. दुपारी ये म्हणाली, काकाजी दुपारी झोपते.

सुशील आला. नवा पाईप टाकला, क्लिपा आवळल्या. जुना पाईप चाकापाशी मातीत टाकला. त्याचा चेहरा असा होता का, कोणाच्या मातीले आला हाय. पण इंजिन सुरू केल्याशिवाय तपासता येत नाई, अन् इंजिनचा आवाज आइकून कोणताही ड्रायव्हर झोपून राहत नाई.

आनंदराव कुबड्यांवर दारात आला. "काय करून राह्यला गा?"

"सर्व्हिसिंग, काकाजी. मायाताई नेऊन राह्यल्या नं."

"मले बसव एकदा."

"बाबा, कशाले आता?" माया म्हणे.

"हात लावतो वं. नेणारच नं तुम्ही."

सुशील अन् मायानं त्याले धरून बसवलं. कुबड्या प्रेमिलानं घेतल्या. आनंदरावनं स्टेअरिंगवर हात फिरवला, आरसा बरोबर केला. मंग गाडी बंद केली. सवयच लागली होती ते! रोज सकाळची. डावा पाय उचलून पेडलवर ठेवला, दाबलं, सोडलं, दाबलं, कडक झालं तसं धरून ठेवलं, अन् चाबी फिरवली.

इंजिन लागलं. आनंदरावनं डोळे मिटले होते. ते उघडले.

पेडल पायाखाली गेलं होतं. त्यानं इंजिन बंद केलं अन् परत तसंच केलं.

"सुशील."

"जी काकाजी."

"हा पाय त्या पायाएवढाच मेला हाय म्हणे. डॉक्टर बोलला."

"हो काकाजी."

"मंग ह्याले कसं समजलं?"

सुशीलनं प्रेमिलाकडे पाह्यलं. आनंदरावनं त्याची नजर पाह्यली, ते कुठं गेली तेही पाह्यलं. मंग त्याले चाकापाशी पडलेला पाईप दिसला. "दे बरं तो."

सुशीलनं उचलून देला. आनंदरावनं तो हातात वाकवला. खालच्या अंगानं चीर उघडली, बोट जाईन एवढी.

"त्या दिवशी पेडल गेलं होतं का वं?"

प्रेमिलानं कुबड्या घट्ट धरल्या. "नाई," ते बोलली. "तुम्ही बसले तवा नाई गेलं. तुम्ही ठेल्यावर होते तवा ह्यानं पाईप बांधला अन् मले बसवलं. माह्या पायाखाली गेलं. मंग म्याच त्याले सोडाले लावलं. ह्याचा काही दोष नाई, हा नाई म्हणत होता. म्या म्हटलं, पाय गेला म्हणून सांग. तुम्ही घरी राहावं म्हणून."

"आई, काय बोलून राह्यली तू?" मायाचा हात तोंडावर गेला.

आनंदराव ओरडला असता तं चाललं असतं. पाईप फेकून मारला असता तरी चाललं असतं. तो काही रचन, वाघाचं, शिंकेचं, कशाचंही, अशी प्रेमिला वाट पाहत राह्यली. माणूस मेला तवाही ह्या माणसाले गोष्ट सुचली होती. आता कोणताच वाघ आला नाई. त्यानं पाईप बाजूच्या सीटवर ठेवला, खिडकीच्या बाजूले, जिथं प्रेमिला बसे. गाडी बंद केली, पेडल कडक होईपर्यंत दाबलं अन् चाबी फिरवली. पेडल खाली गेलं. बंद केली. परत. खाली गेलं. परत. ऊन टिनावरून उतरलं, सुशील आपले पाने पेटीत भरून खाली मान घालून बसला, तरी तो तेच करून राह्यला होता.

शेवटी त्यानं चाबी काढली अन् दार उघडलं. प्रेमिला दारापाशीच कुबड्या धरून उभी होती. तिनं त्या पुढं केल्या.

त्यानं तिच्या खांद्यावरून मागं पाह्यलं.

"माया," तो म्हणे, "कुबड्या आण."

माया आली, अन् तिनं आईच्या हातातून कुबड्या घेतल्या.